आमची वाटचाल: हरफाखालचं मराठी आम्ही का काढलं

चिपळुणातला आमचा छापखाना मुळात लग्नपत्रिका आणि बिलबुकांचा. एका संध्याकाळी मोहल्ल्यातले मौलाना अरबी कायद्याची, म्हणजे अरबी वाचायला शिकवणाऱ्या पहिल्या पुस्तकाची, जुनी प्रत घेऊन आले. म्हणाले, "भाई, पोरं मराठी शाळेत जातात. सूचना सगळ्या उर्दूत, घरी वाचणार कोण? काहीतरी करा." खरंच होतं. आमच्याकडे घरात कोकणी, शाळेत मराठी. उर्दू येतेच असं नाही.

मी डोकं चालवलं आणि प्रत्येक हरफाखाली, म्हणजे अरबी अक्षराखाली, त्याचा उच्चार देवनागरीत छापला. माल हातोहात गेला.

मग एकदा मगरिबच्या (संध्याकाळच्या) नमाजनंतर मकतबात, म्हणजे मुलांच्या अरबीच्या वर्गात, बसलो होतो. आठ-नऊ वर्षांची एक पोर धडाधड वाचत होती. मौलानांनी खालच्या ओळीवर फूटपट्टी ठेवली. पोर गप्प. ती अरबी वाचतच नव्हती! शिवाय ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय या चौघांखाली मी एकच 'ज़' छापलेला. से, सीन, स्वाद यांना मिळून एक 'स'. अरबीत या सगळ्यांचे आवाज वेगळे. चूक सरळसरळ माझी.

नव्या आवृत्तीला दीड वर्ष गेलं. अरबी हरफ शब्दात शिरला की रूप बदलतो, पण अलिफ, दाल, ज़ाल, रे, ज़े, वाव हे सहाजण पुढच्याला हात देत नाहीत. (आम्ही त्यांना 'रुसलेले' म्हणतो.) त्यासाठी तोडजोडीची कार्डं केली. शब्दाच्या सुरुवातीला बे, ते, से यांचा सांगाडा एकच. फरक नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा: खाली एक, वर दोन, वर तीन. म्हणून नुक्ते लाल शाईत घेतले आणि तिथेच फसलो. ऑफसेटवर लाल प्लेट दोन मिलिमीटर सरकली, नुक्ते शेजारच्या हरफावर जाऊन बसले. पाचशे प्रती बाद. मागच्या पानांवर कुराणातल्या आयती (ओळी), त्यामुळे रद्दीत घालायची सोय नाही. फडक्यात बांधून कब्रस्तानाच्या कोपऱ्यात पुरल्या. कागदाचं बिल मात्र चुकलं नाही.

आता मराठी आहे ते शिकवणाऱ्याच्या पानावर. 'जीम'ला 'जीव'मधला ज, 'ज़े'ला 'जरा'मधला ज जवळचा; पुढचं काम कानाचं. 'बडी हे' या हरफासाठी मौलाना चष्मा काढून काचेवर वाफ सोडून दाखवतात, मग सगळा वर्ग हाः हाः करत बसतो.

अजूनही फोन येतात, "तो मराठीवाला कायदा आहे का?" नाही म्हणतो. मग तो माणूस दुसरीकडून घेतो, हे मला ठाऊक आहे.