राख आणि धुणं

जपानमधल्या कागोशिमा शहरात टीव्हीवर हवामान सांगताना ऊन-पावसाच्या जोडीला साकुराजिमावरचा वारा कुठे वाहतोय तेही सांगतात. वारा पूर्वेला जाणार असेल तर धुणं गॅलरीत, शहराकडे येणार असेल तर घरातच दोऱ्या बांधा. खाडीपलीकडे जेमतेम ४ किलोमीटरवर साकुराजिमा हा जागता ज्वालामुखी, आणि लोकांची चिंता काय, तर आज चादरी धुवायच्या का!

कागोशिमा ज्यावर आहे ते क्यूशू बेट फिरताना मला डोंगरापेक्षा ही चिंताच जास्त आवडली. उन्हाळ्यात वारा फिरतो आणि राख शहरावर येते. चुलीतली मऊ राख डोळ्यासमोर असेल तर ती विसरावी. ही दगडाची आणि काचेची पूड. कठड्यावरून बोट फिरवलं की रांगोळीसारखी खरखरते, दातांखाली कचकचते. गाडीच्या काचेवर पडली तर वायपर कोरडा फिरवायचा नाही, ओरखडे उठतात. ती भरायला पालिका पिवळ्या पिशव्या देते. भरलेल्या पिशव्या ठरलेल्या जागी ठेवायच्या, गाडी येऊन उचलते. ओला कचरा, सुका कचरा आणि ज्वालामुखी! साकुराजिमावर तर थडग्यांनाही छपरं आहेत, पूर्वजांवर राख पडू नये म्हणून.

तिकडे जायला फेरीबोट, साधारण १५ मिनिटांची. तिच्यावर उडॉन, म्हणजे रश्श्यातल्या जाड नूडल्स, मिळतं आणि तेवढ्यात वाफाळता वाडगा संपवून उतरणं स्थानिकांना सहज जमतं. साकुराजिमा आता नावालाच बेट उरलंय. १९१४ च्या उद्रेकात एवढा लाव्हा वाहिला की मधली सामुद्रधुनी बुजली आणि ते पूर्वेच्या जमिनीला जोडलं गेलं. तिथल्या कुरोकामी गावातल्या देवळाची ३ मीटर उंच कमान तेव्हाच गाडली गेली. वरचा मीटरभर भाग तेवढा दिसतो. पुढच्यांच्या लक्षात राहावं म्हणून गावप्रमुखाने ती उकरू दिली नाही.

क्यूशूच्याच उत्तरेला बेप्पू शहरात २,००० हून जास्त गरम झरे. निळंशार, ९८ अंशांचं उमी जिगोकू हे कुंड बघायला झुंबड असते. ते बघून पुढे व्हावं. खरी मजा बेप्पूतल्याच कान्नावा भागातल्या गल्ल्यांत. तिथे गटाराच्या जाळीतूनही वाफ येते. त्याच वाफेवर अंडी, रताळी, कोबी टोपलीत ठेवून शिजवायचं. गॅस सिलिंडरची कटकट नाही.

इबुसुकीला मात्र आपणच शिजतो. युकाता, म्हणजे पातळ सुती किमोनो, घालून समुद्रकाठी आडवं व्हायचं, मग फावड्याने अंगावर वाळू ओढतात. खालच्या गरम पाण्याने ती तापलेली आणि ओली, म्हणून चांगलीच जड. थोड्याच वेळात बोटांच्या टोकांत ठोके पडायला लागतात. १० मिनिटं पुरेत म्हणतात, पण शेजारच्या आजीबाई खुशाल झोपल्या होत्या. नंतर आंघोळीला सगळे कपडे उतरवायचे. आपण टॉवेल कुठे धरावा या विचारात, आणि तिथली माणसं तो घडी करून डोक्यावर ठेवतात!

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो निवून सुमारे ६.६ कोटी वर्षं झाली. आपल्याला त्याची राख झाडावी लागत नाही. साकुराजिमाकर झाडतात आणि त्याच मातीत मुळा पिकवतात. २००३ साली एकाचं वजन ३१ किलो भरलं, जागतिक विक्रम झाला. तिथे तो माशाबरोबर मंद आचेवर शिजवतात. एवढ्याची कोशिंबीर करायची तर अख्खी वाडी जेवायला बोलवावी लागेल, आणि दही कुणी लावायचं यावरून भांडण होईल ते वेगळंच.