बियांपासून झिनिया: दोन हंगामांचा अनुभव

साताऱ्यातील आमच्या घरामागे दहा फूट लांबीचा एक वाफा आहे आणि त्यात झिनिया फुलवण्याचा माझा पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला होता. त्या वर्षी जूनच्या अखेरीस मी ट्रेमध्ये बी पेरले. पाचव्या दिवशी जवळजवळ सगळे उगवले; परंतु सततच्या पावसाने ट्रेमधले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कधी सुकलेच नाही, आणि निम्मी रोपे बुडाशी बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडली. उरलेली रोपे वाफ्यात हलवताना मुळे दुखावली, पुढे पानांवर तपकिरी ठिपके पडले आणि तीही गेली. मला फार वाईट वाटले.

झिनिया मूळचा मेक्सिकोकडचा, भरपूर उन्हाचा आणि निचऱ्याच्या जमिनीचा, हे नंतर वाचनात आले तेव्हा चूक उमगली. पुढच्या वर्षी मी पाऊस ओसरेपर्यंत थांबले आणि घरात घट बसले त्याच दिवशी बाहेर वाफ्यात बी टाकले. मातीत कुजलेले शेणखत मिसळले, पाव इंच खोलीवर बी थेट जागेवरच पेरले आणि झारीने हलके पाणी दिले. रोपांना चार पाने आल्यावर वीत-सव्वा वीत अंतर राखून मधली रोपे काढून टाकली. हे करताना हात धजावत नाही, पण दाटीत हवा खेळत नाही आणि रोग तिथूनच सुरू होतो.

रोपे वीतभर झाली तेव्हा तिसऱ्या जोडीच्या वर शेंडा खुडला. झिनियाची पाने समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे खुडल्यावर दोन्ही बेचक्यांतून फांद्या फुटतात. फुले थोडी उशिरा आली, पण एकेका रोपावर कितीतरी अधिक आली. पाणी सकाळी आणि फक्त बुडाशी द्यायचे, हा नियम मी मोडला नाही. तरीही थंडीत खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पावडरीसारखी बुरशी, आलीच. ती पाने वेळीच तोडल्याने वरची फूट वाचली.

फुलदाणीसाठी फूल तोडण्यापूर्वी त्याच्या खाली वीतभर देठ धरून हलवून पाहावे. देठ ताठ राहिला तर फूल तयार आहे. मान डुलली तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे.

फेब्रुवारीत काही फुले झाडावरच वाळू दिली. वाळलेली पाकळी ओढली की तिच्या बुडाशी चिकटलेले, बाणाच्या टोकासारखे चपटे, करडे बी हाती येते. पोकळ बी बोटांत दबते, ते टाकून दिले. भरलेले कागदी पाकिटात ठेवले. ते संकरित वाणाचे असल्याने या वर्षी त्यातली बरीच रोपे एकेरी पाकळ्यांची निघाली, आणि आमच्या वाफ्यात फुलपाखरे त्यांच्यावरच अधिक वेळ बसलेली दिसतात.