आईंच्या बातम्या आणि माझा काळोख

शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

घटस्थापनेपासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि हेमंत ज्या विषयाला वर्षभर ‘बघू गं’ म्हणत होता, तो एकदम निकडीचा झाला. कर सोडून दीड लाखाचा टीव्ही धरला तर पंधरा हजार वाचतात. पंधरा हजार वाचवायला पावणेदोन लाख घालवायचे, हे गणित घरात कुणालाच खटकलेलं नाही.

मला काय हवंय हे मला केव्हापासून ठाऊक आहे. ओएलईडी. माझा टीव्ही रात्री साडेदहानंतर सुरू होतो. हॉलचे दिवे बंद, दार लोटलेलं. आत्ताच्या एलसीडीवर रात्रीचा प्रसंग आला की आकाश राखाडी दिसतं, कारण मागे दिवा जळतच असतो आणि पुढचे द्रवस्फटिक तो उजेड पुरता अडवू शकत नाहीत. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका (पिक्सेल) स्वतः उजळतो, स्वतः विझतो, आणि विझला की विझलाच. कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली यातला पायाचा शोधनिबंध लिहिला. फिल्मचे रोल विकणाऱ्या कंपनीत बसून त्यांनी हे केलं, याची मला फार मौज वाटते. दुकानात टीव्ही यायला मात्र २००७ उजाडलं. सोनीचा, तोही अवघा ११ इंची.

दादाकडे प्लाझ्मा टीव्ही होता, त्यातलेही ठिपके स्वतःच उजळायचे, म्हणून असाच खोल काळा दिसायचा. पॅनासॉनिकने प्लाझ्मा बंद केल्याला दहा वर्षं उलटली, पण दादा अजून सुतकात आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर

कॉलेज रोडवरची दोन-तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे सगळ्या पडद्यांवर तेच ते: काळ्याभोर पार्श्वभूमीवर रंगांचे फवारे, मधाची संथ धार, पोपट. त्यात टीव्ही भडक रंगांच्या ‘व्हिव्हिड’वर ठेवलेले आणि डोक्यावर ट्यूबलाइटची रांग. अशा उजेडात आपण घरी टीव्ही बघतो का कधी? मी पेन ड्राइव्ह नेला होता. त्यात एका सिनेमाचा अंधारा तुकडा होता, खाली पांढरी सबटायटल्स. ‘पिक्चर मोड’ बदलून द्या म्हटल्यावर सेल्समनने हेमंतकडे बघितलं. हेमंतने माझ्याकडे बोट दाखवलं.

मिनी-एलईडी म्हणजे एलसीडीच, फक्त मागच्या मोजक्या मोठ्या दिव्यांऐवजी हजारो बारीक दिवे, आणि ते कप्प्याकप्प्याने मंद-प्रखर होतात. टीसीएलने २०१९ मध्ये हे पहिल्यांदा विकायला आणलं, आता सगळेच करतात. चांगल्या मॉडेलात कप्पे हजार-दोन हजार. फोर-के पडद्यावर ठिपके जवळजवळ ८३ लाख. म्हणजे एकेका कप्प्याच्या वाट्याला चार ते आठ हजार ठिपके आले. त्यातला एक उजळायचा तर अख्ख्या कप्प्याचा दिवा लागणार. माझ्या सबटायटल्सभोवती ते दिसलंच, प्रत्येक ओळीला धुक्याची झालर. हेमंत म्हणाला, कुठे आहे? मी दाखवलं. आता त्यालाही दिसतं, आणि तो माझ्यावर रागावला आहे.

क्यूएलईडीचे फलकही सगळीकडे लागलेत. तीही एलसीडीच, मधे क्वांटम डॉटचा, म्हणजे शुद्ध रंग देणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, पापुद्रा घातलेली. या डॉट्सना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, रंग खरोखर सुरेख येतात, पण त्याने मागचा दिवा काही विझत नाही.

आणखी एक जात आहे, क्यूडी-ओएलईडी. सॅमसंग डिस्प्लेचे हे पॅनेल २०२२ पासून टीव्हींत दिसू लागले. निळी ओएलईडी आणि तिच्यापुढे लाल-हिरवा रंग देणारे क्वांटम डॉट. रंगांपुरतं बोलायचं तर दुकानातला सगळ्यात देखणा पडदा तोच होता. पण त्यात बाहेरचा उजेड अडवणारा ध्रुवक थर नसतो, त्यामुळे खोलीतला उजेड पडद्यावर आदळून परततो आणि काळ्या जागा जांभळट दिसतात. त्या ट्यूबलाइटखाली तर वांग्याचा रंग. अंधारात हे काहीच दिसणार नाही, हेही खरं.

वॉरंटीत पडद्यावर उमटणाऱ्या डागांबद्दल काय लिहिलंय, असं एका ठिकाणी विचारलं. सेल्समनने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने चहा मागवला.

रविवार, २८ सप्टेंबर

आज टीव्हीकडे न बघता घराकडे बघितलं.

आईंचा टीव्ही सकाळी सातला सुरू होतो. बातम्या. मग अकराला पोथी, पुन्हा बातम्या, दुपारी मालिकांचे पुनःप्रसारित भाग आणि दिवेलागणीपर्यंत परत बातम्या. वाहिनी एकच, वर्षानुवर्षं. वर कोपऱ्यात तिचं चिन्ह, शेजारी घड्याळ, खाली लाल पट्टी आणि तिच्याखाली आणखी एक पिवळी. जगात काहीही घडो, त्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत.

ओएलईडीचं दुखणं नेमकं इथेच आहे. ठिपका सेंद्रिय पदार्थाचा, तो जितका उजळतो तितका झिजतो; निळा सगळ्यात लवकर. पट्टीखालचे ठिपके रोज नऊ-दहा तास राबले की शेजाऱ्यांच्या आधी म्हातारे होतात आणि मग सिनेमातल्या समुद्रावरही पट्टीची सावली दिसते. कंपन्यांनी उपाय केलेत: चित्र अधूनमधून ठिपकाभर सरकवणं, चिन्हाची जागा आपोआप मंद करणं. शिवाय काही तास वापरून रिमोटने बंद केला की टीव्ही आतल्या आत पडद्याची डागडुजी करतो. त्यासाठी त्याला वीज मात्र चालू लागते.

आणि आमच्याकडे? रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरची सगळी बटणं बंद करत घरभर फिरणं हा आईंचा नेम आहे. गिझर, मिक्सर, टीव्ही, इंटरनेटचा डबा. विजेचं बिल हे एक कारण, १९९० च्या आसपास शेजारी जळालेला टीव्ही हे दुसरं. त्या नेमात मी टीव्हीपुरती सवलत मागू शकते. मिळेलही. पण पंधरा दिवसांनी हात आपोआप बटणाकडे जाणार, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

दुपारी तीनला पश्चिमेचं ऊन हॉलमध्ये येतं. पडदे ओढले की आईंना कोंडल्यासारखं होतं. अशा उजेडात मिनी-एलईडी दणदणीत वाटतो. ओएलईडी छोट्या जागी झगझगीत उजळतो, पण अख्खा पडदा उजळायचा झाला की विजेचा आणि उष्णतेचा भार सांभाळायला स्वतःला आवरतो. क्रिकेटचं मैदान म्हणजे अख्खा पडदाच.

मग मिनी-एलईडी ठरला? नाही ना. आई दिवाणावर बसतात, टीव्हीच्या पार डाव्या अंगाला. एलसीडीचे जे पॅनेल काळा रंग बरा दाखवतात, ते बाजूने बघितलं की फिकटतात. ओएलईडी कुठूनही सारखाच. काही महागड्या एलसीडींत बाजूने नीट दिसावं म्हणून खास थर देतात, पण त्यात समोरून दिसणारा काळा जरा बिघडतो. दिवाण सरकवू या का, असं विचारून बघितलं. “इथे वारा येतो,” आई म्हणाल्या. विषय संपला.

रात्री आशिया कपचा अंतिम सामना जुन्याच टीव्हीवर बघितला. तिलक वर्माने नाबाद ६९ करून पाकिस्तानविरुद्धचा सामना काढला, तेव्हा पडद्यावर काळा किती काळा आहे याकडे माझंही लक्ष नव्हतं.

बुधवार, १ ऑक्टोबर

टीव्ही तपासणाऱ्या कॅनडातल्या आर्टिंग्स (RTINGS) या संकेतस्थळाने शंभर टीव्ही महिनोन्‌महिने वृत्तवाहिनीवर चालवून ठेवले होते, त्याचे निकाल वाचत बसले. ओएलईडीवर डाग आले, ते अपेक्षितच. पण कडेला दिवे असलेले सडपातळ एलसीडीही त्या दिव्यांच्या उष्णतेने बिघडले. एलसीडी घेतला म्हणजे अमरपट्टा घेतला असं नाही; मात्र दिवे कडेला नसून पूर्ण पाठीवर पसरलेले हवेत, हे पक्कं झालं.

हेमंतचं मत विचारलं. तो म्हणाला, “तू रात्री दीड-दोन तास बघतेस. आई दिवसभर.” मला याचा राग यायला हवा होता, आला नाही. गेल्या मेमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं बाहेर जाणं कोपऱ्यावरच्या देवळापर्यंतच. टीव्हीत वाहिन्या दोनशे असतील, त्यांना ती एकच ओळखीची वाटते. तिच्या पट्टीला घाबरून मी रिमोट हातात घेऊन पहारा करत बसणार का?

मिनी-एलईडी. ६५ इंची, जास्तीत जास्त कप्प्यांचा, बाजूने बघण्याच्या थराचा. धुक्याच्या झालरीवर उपाय म्हणून सबटायटल्स करडी करता येतात, ते दुकानात करून बघितलं, बऱ्यापैकी चालतं. पाठीमागे भिंतीवर एक मंद दिवा लावला की काळाही अधिक काळा भासतो. माझा हट्ट सगळाच गेला असं नाही: टीव्ही आला की पहिल्यांदा ते ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे मधली चित्रं स्वतःच घालून हालचाल सलग करणं, बंद करणार. त्याने प्रत्येक सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

मुहूर्तावर पैसे भरले. शनिवारी माणूस येऊन बसवून देणार. भिंतीवर टांगायचा की टेबलावर ठेवायचा यावर नवा वाद सुरू झालाय; मी टेबलाच्या बाजूची, उंच टांगला की मान दुखते आणि या पॅनेलला वरून-खालून बघणंही मानवत नाही.

सोनं देऊन आईंना नमस्कार केला, तर त्यांनी विचारलं, “यात आपली वाहिनी आत्ताच्यापेक्षा चांगली दिसेल ना?”

खरं उत्तर: नाही. आमचं पॅकेज एसडीचं, म्हणजे एचडीपेक्षा कमी बारकाव्यांच्या चित्राचं. ५७६ ओळींचं चित्र २१६० ओळींवर ताणलं की लाल पट्टी तेवढी ठसठशीत दिसेल, निवेदिकेचा चेहरा मात्र पुसट. पावणेदोन लाखांच्या हिशोबात हा मुद्दा कुणीच धरला नव्हता. संध्याकाळी केबलवाल्याला फोन लावला. आपट्याची पानं वाटत फिरतोय, उद्या सकाळी एचडीचे दर सांगतो म्हणाला.