माझा भाडेकरू आणि अत्यल्प उत्पन्न गट

आधीच सांगून टाकतो, मी घरमालक आहे. नवी मुंबईत उलव्याला लागून असलेल्या आमच्या गावठाणात वडिलोपार्जित घरावर दोन मजले चढवलेत आणि खालच्या चार खोल्या भाड्यानं दिल्यात. साडेसहा हजार महिना, वीस हजार डिपॉझिट. परवानगी? वहाळपासून जासईपर्यंत कुणाकडे आहे ते दाखवा. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली आली, भातशेती आणि मिठागरं गेली, एका घराची चार कुटुंबं झाली आणि गावठाणाची हद्द होती तिथंच राहिली. सरकारी भाषेत आमची ही 'गरजेपोटी बांधलेली घरं'. ती नियमित करण्याचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत ताजं होतं.

माझ्या एका खोलीत पोलादपूरकडचा एक जण बायको आणि दोन मुलांसह राहतो. द्रोणागिरीच्या बाजूला कंटेनर यार्डात चेकर आहे. बँकेत पगार जमा होतो बावीस हजार, ओव्हरटाइम रोखीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोनं २६ हजार घरांची योजना काढली तेव्हा तो मोबाईल घेऊन वर आला. 'दादा, तुम्ही अकाउंटवाले, जरा भरून द्या.' दिला भरून. २३६ रुपये नोंदणी. गंमत अशी की अर्ज भरताना किंमतच माहीत नव्हती. ती जाहीर झाली जानेवारी २०२५ मध्ये. भाजी घेतानाही आपण आधी भाव विचारतो.

किंमत आली तेव्हा आमच्या शेजारच्या बामणडोंगरीचं अत्यल्प उत्पन्न गटातलं, म्हणजे सगळ्यात कमी कमाईवाल्यांसाठीचं, घर होतं ३१.९ लाखांचं. वाशीच्या ट्रक टर्मिनलवरचं 'अल्प' उत्पन्न गटातलं ७४.१ लाखांचं. वाशीचा आकडा बघून तो हसला. बामणडोंगरीवर मात्र आम्ही कागद-पेन घेऊन बसलो, कारण तिथून त्याला गाडी सरळ होती. बेलापूर-नेरुळची लोकल जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या अनुदानाचे अडीच लाख वजा केले. उरले २९.४ लाख. बँक साधारणपणे निम्म्या पगाराएवढा हप्ता मान्य करते, म्हणजे त्याचा अकरा हजार. साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं धरली तर एवढ्या हप्त्यात कर्ज बसतं पावणेतेरा लाखांच्या आतबाहेर. म्हणजे साडेसोळा लाखांहून जास्त रोख हवेत. ओव्हरटाइम दाखवायचा तर तो कुठल्याच कागदावर नाही. ज्या माणसाच्या नावानं हा गट काढलाय, त्याच्याच पगारात ते घर बसत नाही!

आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. २०२२ च्या दिवाळीत उलव्यातल्याच ७,८४९ घरांची योजना निघाली होती. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख, घराची किंमत साधारण ३५ लाख. अडीच लाखांचं अनुदान वजा करून महिना पंचवीस हजार मिळवणाऱ्यानं उरलेल्याचा पाचवा हिस्सा पदरचा भरला तरी हप्ता येतो साडेबावीस हजारांचा. उरलेल्या अडीच हजारांत संसार. सोडतीत घर लागलेल्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी मर्यादा ६ लाखांवर गेली आणि पुढे किंमतही ६ लाखांनी उतरली. बरं झालं. पण मर्यादा दुप्पट केल्यावर घर कुणाला मिळणार? पाच-साडेपाच लाखवाल्याला. माझा त्याच्यावर राग नाही, त्यालाही घर हवंच आहे. फक्त माझा भाडेकरू रांगेत होता तिथंच राहिला.

त्याचं खरं घोडं अडलं मात्र दुसरीकडेच. या गटात भारतात कुठेही स्वतःचं किंवा कुटुंबाचं पक्कं घर नसल्याचं लिहून द्यावं लागतं. त्या ओळीवर तो बराच वेळ थांबला. गावाला घर आहे. आजोबांचं, जांभ्याचं. वडील गेल्यावर घरपट्टीच्या उताऱ्यावर तिघा भावांची नावं चढली. त्याच्या वाट्याला काय, तर पडवीची एक बाजू, तीही गणपतीला चार दिवस. कोकणातल्या कुठल्या चाकरमान्याचं नाव असल्या सामाईक घरावर नाही? नाव काढायचं तर हक्कसोड लिहून द्यायचं, आणि गावचं घर सोडलं असं चारचौघांत व्हायचं. 'आई जिवंत आहे तोवर नाही करणार,' म्हणाला. मी आग्रह केला नाही.

तळोज्यात २५.१ लाखांचं घर होतं, तेही बघितलं. तिथून पेंधर-बेलापूर मेट्रो, मग उरणची लोकल, मग यार्डापर्यंत शेअर रिक्षा. रात्रपाळी सुटल्यावर हे सगळं उलट. विषय तिथंच मिटला.

मला कळत नाही ते हे की सरकार घर बांधतं ते विकायलाच का. मुंबई महानगराचा विकास बघणाऱ्या एमएमआरडीएनं भाड्याच्या घरांची योजना काढली होती, त्यातली पनवेलजवळच्या कोनची घरं २०१६ मध्ये गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली. त्यांचा हक्क होताच, पण भाड्यानं द्यायची घरं पुन्हा विक्रीलाच लागली. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, तिथं राबणारे हजारो लोक भाड्यानंच राहणार आहेत. सोसायटीतल्या वन बीएचकेला त्यांना पंधराच्या पुढे मोजावे लागतात. म्हणून ते आमच्याकडे येतात. या शहरातली परवडणारी घरं आम्ही बांधली आहेत, विनापरवाना, कोंदट, एका जिन्याची. आग लागली तर काय, हा विचार मलाही सुचतो. पण उद्या ही घरं नियमित झाली की माझ्यासकट सगळे पुनर्विकासाला बिल्डर शोधणार, आणि साडेसहा हजारांची खोली संपणार. १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या जासई-नवघरच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, त्यांचंही पुढे बऱ्याच ठिकाणी टॉवरच झालं.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू स्वस्तात देतोस म्हणून उपकार करतोस काय? तो भाडं वेळेवर देतो, त्याला ठेव. ठेवलाय. करार अकरा महिन्यांचा केला, भाडं पाचशेनं वाढवलं. टँकरचं पाणी महागलंय.