एनएची गाठ सुटली, पॅरलल फ्लॉ पुढे ढकललं

एलसॅट या अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीची ही नोंद. मागच्या नोंदीत जाहीर केल्याप्रमाणे आज पॅरलल फ्लॉबद्दल (दिलेल्या युक्तिवादासारखीच चूक असलेला दुसरा युक्तिवाद ओळखणं) लिहायचं होतं. ते राहू द्या. नेसेसरी अझम्प्शनमध्ये (एनए: ज्याच्याशिवाय युक्तिवाद उभाच राहत नाही ते गृहीतक शोधणं) शेवटचे दोन पर्याय उरले की हात सफिशियंटकडेच (निष्कर्षाला पुरेसं, पण आवश्यक असेलच असं नाही) का जातो, ते अखेर उमगलंय.

खऱ्या प्रश्नाच्या साच्यावर बेतलेला हा घरगुती नमुना बघा. अमुक पक्षी फक्त पाणथळ जागीच घरटी बांधतात. जिल्ह्यातली मोठी दलदल बुजवली. म्हणून पुढच्या वर्षी या जिल्ह्यात त्यांचं एकही घरटं नसेल.

बी: जिल्ह्यात त्या दलदलीखेरीज दुसरी पाणथळ जागा नाही.
डी: दलदलीतल्या पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक पक्षी पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या पाणथळ जागी घरटी बांधणार नाहीत.

बी किती देखणा! युक्तिवादाचं भोक पूर्ण बुजवतो. डी मात्र अर्धवट वाटतो. एका जोडीने जरी दुसरीकडे घरटं बांधलं तरी निष्कर्ष कोसळतो, मग निम्म्याची भाषा कशाला? तरीही उत्तर डीच. बीला निगेशन लावलं, म्हणजे तो उलटा केला, तर दुसरी पाणथळ जागा आहे एवढंच कळतं. पक्षी तिकडे फिरकलेच नाहीत तर निष्कर्ष शाबूत. डी उलटा केला की सगळं संपलं.

ही निगेशन टेस्ट (पर्याय उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला तर तो आवश्यक) आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण ३५ मिनिटांत पंचवीसेक प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम ८४ सेकंद. त्यात ‘निम्म्याहून अधिक नाही’ची उलटापालट करताना डोकं गरगरतं. ब्लाइंड रिव्ह्यू करताना (उत्तरं न बघता, घड्याळ न लावता पेपर पुन्हा तपासताना) सोपी वाट दिसली: एनएला मस्ट बी ट्रू समजायचं. आधार आणि निष्कर्ष दोन्ही खरे धरले, तर हा पर्याय खरा असावाच लागेल का? एकही घरटं नसेल, तर निम्म्याहून अधिक पक्षी तिथे घरटी बांधत नाहीत हे आपोआप आलंच. दुसरी पाणथळ जागा नसलीच पाहिजे, असं मात्र कुठे आहे? बी कटाप.

‘जोरकस शब्द दिसला की पर्याय खोडा’ हा शिकवणीच्या व्हिडिओंमधला लाडका मंत्र मला कधीच पटला नाही. निष्कर्षच टोकाचा असेल तर योग्य पर्यायही टोकाचा असू शकतो. त्यापेक्षा लॉहबवर (परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर) जुने पेपर मुकाट्याने सोडवावेत. तिथली पर्याय खोडायची सोय मला कागदापेक्षा आवडते. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स (तर्ककोड्यांचा विभाग) गेले आणि गुण मिळणाऱ्या तीन विभागांपैकी दोन एलआरचे (लॉजिकल रीझनिंग, एनएचे प्रश्न यातच येतात) झाले. (मला गेम्सची अजून हळहळ वाटते. असो.) म्हणजे एनएवर घालवलेला वेळ वाया नाही.

पॅरलल फ्लॉ पुढच्या वेळी नक्की, असं लिहिणार होतो, तेवढ्यात सुचलं: फ्लॉमधले (युक्तिवादातली चूक ओळखायच्या प्रश्नांतले) ‘टेक्स फॉर ग्रँटेड’ने (‘गृहीत धरतो’) सुरू होणारे पर्याय म्हणजे वेश बदललेले एनएच की! तिथेही हीच कसोटी चालायला हवी. ‘फेल्स टु कन्सिडर’वाल्यांना (‘विचारात घेत नाही’) ती लागू नाही, त्यांची जात वीकनची (युक्तिवाद कमकुवत करणाऱ्या पर्यायांची). मग पॅरलल आणखी मागे. आधी जुन्या पेपरांतले सगळे ‘टेक्स फॉर ग्रँटेड’ वेगळे काढून बघतो. कुणी असा गठ्ठा आधीच बांधला असेल तर सांगा, माझी मेहनत वाचेल.