गुजरीतलं भिंग

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, माझा एक शाळूसोबती सोनार आहे. त्याच्याकडं मी सोनं घ्यायला फारसा जात नाही. त्या दिवशी काडेपेटीत कापूस घालून त्यात एक पिन घेऊन गेलो, तर तो गल्ल्यावरूनच म्हणाला, "काय मर्दा, आज काय मोडायला आणलंयस?"

मोडायला काही नव्हतं, नुसतं तपासून घ्यायचं होतं. रेकॉर्डच्या पिनेच्या टोकाला हिरा असतो, हे त्याला आधी पटेचना. मग भिंग डोळ्याला लावून त्यानं बराच वेळ श्वास रोखला. "हिरा हाय खरा. झिजलेला पन दिसत न्हाई. पन ह्याला गिऱ्हाईक कुठलं मिळायचं?"

पिन ज्याला बसते आणि जे तिच्या थरथरीची वीज करतं ते कार्ट्रिज शुअर कंपनीचं, व्ही-फिफ्टीन टाइप थ्री, १९७३ सालचं मॉडेल. मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आणलेलं. आमच्या घरात त्याचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल. हल्ली मात्र गाण्यातला प्रत्येक 'स' फाटल्यासारखा येत होता. हिरा शाबूत, म्हणजे दोष रबराचा. पिनेची बारीक दांडी ज्या रबरावर तोललेली असते, ते पन्नास वर्षांत कडक होतं आणि दांडीला मोकळं हलू देत नाही. 'जुन्या कार्ट्रिजचा तो ऊबदार आवाज' म्हणून आपण माना डोलावतो, त्यात कारागिरी किती आणि वाळलेलं रबर किती, कोण सांगणार? तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या वस्तादाकडं बघून त्याची ऐन भरातली कुस्ती कशी होती ते ठरवण्यातला प्रकार.

शुअरनं २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. नवी पिन मिळाली ती जिको या जपानी कंपनीची. ही मंडळी मुळात शिवणाच्या सुया करणारी. पिन बसवली, 'स' पुन्हा सरळ झाला आणि मला नसती शंका आली. या जातीच्या कार्ट्रिजमध्ये लोहचुंबक पिनेच्याच दांडीला मागं चिकटवलेलं असतं. म्हणजे हिरा नवा, दांडी नवी, रबर नवं, चुंबकही नवं. मामांचं उरलं काय, तर आतली तारेची वेटोळी आणि वरचं टरफल.

हे सोनारमित्राला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "आरं, तुझ्या आजीचा साज मी दोनदा पटवेकऱ्याकडं गाठवायला दिलाय. मण्यातली लाख पन नवी भरलीया. म्हून काय तुझी आई त्याला सोनाराचा साज म्हनती?"

राजारामपुरीतला एक मित्र रविवारी डबी घेऊन आला. डबीत त्याचं नवं कार्ट्रिज, मूव्हिंग कॉइल. किंमत त्यानं बायकोला सांगितलेली नाही, म्हणून मीही लिहीत नाही. आमची जुनी लूना तेवढ्यात पाच-सहा वेळा आली असती. यात उलटा कारभार. चुंबक जागेवर आणि हलतात ती वेटोळी. ती हलकी हवीत म्हणून तारेचे वेढे अगदी मोजके, त्यामुळं वीजही नावाला. माझं शुअर साडेतीन मिलिव्होल्ट देतं, हे पाव मिलिव्होल्टच्या आसपास. तेवढ्यावरून गाणं उभं करायचं तर आवाज भरपूर वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर घरातल्या अर्थिंगचे सगळे गुणही वाढतात. पहिला अर्धा तास आम्ही नुसता चौकातल्या डीपीसारखा हुंकार ऐकला.

पिन रेकॉर्डवर किती भारानं टेकते ते बघायला गुजरीतनं काटा आणला होता. दोन ग्रॅमचा मामला, सोनाराच्या भाषेत दोन मासे. टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, काट्यावर नेला, तर कार्ट्रिजनं एकदम खाली झेप घेतली. काट्याची थाळी लोखंडी, कार्ट्रिजच्या आत चुंबक जबरदस्त. मित्राचा चेहरा चुन्यासारखा. पिन वाचली. मग टर्नटेबलची थाळी काढून तिथं काटा ठेवला, वर लाकडी ठोकळा, शून्य करून पुन्हा मोजलं.

रेकॉर्ड लावली मल्लिकार्जुन मन्सूरांची. गाणं अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याचं, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारातले, म्हणजे गावचंच. ही रेकॉर्ड वडिलांनी सुटकेस प्लेअरच्या जड पिनेखाली अक्षरशः नांगरलेली. मला वाटलं, नवं महागाचं यंत्र ओरखडे तेवढे मोठे करून दाखवेल. झालं भलतंच. या नव्या हिऱ्याची धार लांबट आणि बारीक. जुनी गोल पिन खाचेच्या ज्या पट्ट्यावरून घासत गेली, त्याच्या खाली जिथं कोणी पोचलंच नव्हतं तिथं ती टेकते. तंबोऱ्याच्या तारा सुट्या झाल्या. तानेआधी घेतलेला श्वास आला. मग शुअर लावलं. खरखर वाढली, तंबोरा मागं सरकला, पण बुवा मात्र दोन पावलं पुढं येऊन बसले. मला हे आवडलं. मित्र म्हणाला, तुला सवयीचं आवडतं. म्हणत असेल, माझं काय जातंय?

बरं, नवं तरी नवं का? डेननचं डीएल-१०३ हे जपानच्या सार्वजनिक नभोवाणीसाठी साठच्या दशकात काढलेलं कार्ट्रिज आजही तयार होतं, त्याच गोल पिनेसकट. ते विंटेज की मॉडर्न? खरंखुरं जुनं आणि हात न लागलेलं कार्ट्रिज मला एकच माहीत आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाईही खाँसाहेबांच्याच शिष्या. त्या रेकॉर्डबरोबर नासानं एक कार्ट्रिज आणि पिनही ठेवली आहे. रबराचं काय झालं असेल, देव जाणे.

संध्याकाळी सोनारमित्र काटा न्यायला आला. चहा होईपर्यंत बसला तो एक बाजू संपेपर्यंत. कुठलं कार्ट्रिज लावलंय हे त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आठ वाजता दुकान वाढवायचं म्हणून घाईनं उठला आणि काटा इथंच विसरून गेला.