डिश, फॉक आणि पतपेढी

ऑस्टिनमधे कुणालाही विचारा, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससची बेसबॉल मॅच कुठे असते, तर उत्तर येतं "डिशला". पूर्ण नाव आहे यूएफसीयू डिश-फॉक फील्ड, पण एवढं कोण म्हणत बसणार! यूएफसीयू म्हणजे चक्क एक पतपेढी, 2006 पासून नावाच्या पुढे येऊन बसलीये, पैसे मोजलेत त्यामुळे बोर्डावर पहिला मान तिचा. चालायचंच. बिली डिश हा इथला जुना कोच, 1911 पासून 1939 पर्यंत, त्याचं नाव लोकांच्या तोंडी आहे हे चांगलंच आहे. मला वाईट वाटतं ते बिब फॉकचं.

कारण गोष्ट खरी फॉकचीच आहे हो. डिशच्या हाताखाली खेळून पोरगा 1920 मधे थेट शिकागो व्हाइट सॉक्स या व्यावसायिक टीममधे गेला, आणि त्याच वर्षी तिथे 1919 च्या वर्ल्ड सिरीजच्या (म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या फायनलच्या) फिक्सिंगचं प्रकरण फुटलं, शूलेस जो जॅक्सनसारखा स्टार बॅटर टीमबाहेर गेला आणि त्याची लेफ्ट फील्डची जागा पुढच्या सीझनला मिळाली या टेक्ससच्या पोराला. कुणाच्या जागी उभं राहायचं तर जो जॅक्सनच्या! गडी डगमगला नाही, बारा सीझनच्या करिअरचं बॅटिंग अॅव्हरेज .314 (बेसबॉलमधे .300 च्या वर म्हणजे उत्तम). मग परत येऊन 1940 मधे डिशच्याच खुर्चीत बसला, मधे युद्धाची वर्षं गेली, आणि 1949, 1950 असं लागोपाठ दोनदा कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज टीम्सचं राष्ट्रीय विजेतेपद, जिंकून दिली. आणि बोलताना गाळला जातो तोच.

ही जिंकणारी टीम खेळायची जुन्या क्लार्क फील्डवर, आणि ते मैदान म्हणजे कहर होता. सेंटर फील्डमधे सरळ चुनखडीचा कडा, काही फूट उंच, वर पुन्हा मैदानच, आणि तिथे चढायला शेळ्यांची असते तशी एक पायवाट. बॉल वर गेला की फील्डर ग्लोव्ह सावरत त्या वाटेने पळत सुटायचा आणि बॅटर तोवर खाली निवांत बेस मोजत फिरायचा. पाहुण्या टीमच्या पोरांचं काय होत असेल! घरच्यांना कुठून चढायचं ते पाठ असणार, म्हणजे थोडी चीटिंगच म्हणा ना.

ते मैदान गेलं, त्या जागी आता बास कॉन्सर्ट हॉल आहे. नवीन स्टेडियम 1975 चं, हायवे 35 च्या पलीकडे, सुरुवातीपासून कृत्रिम टर्फ, कडाबिडा काही नाही, सगळं सपाट. त्याच वर्षी टीमने पुन्हा कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली, कोच क्लिफ गुस्टाफसन. डिश तर 1953 मधेच गेलेला, फॉक मात्र 1989 पर्यंत होता, म्हणजे स्वतःचं नाव असलेलं मैदान त्याच्या हयातीत उभं राहिलं आणि लोक त्याला नुसतं "डिश" म्हणायला लागले तेव्हाही तो बहुतेक असणारच. मी आपलं मुद्दाम "फॉकला येतोस का" असं विचारते मित्रमैत्रिणींना, कुणाला कळत नाही, मग लोकेशन पाठवावं लागतं आणि त्यात पतपेढीचं नाव पहिलं येतं.